वाचकांचे प्रश्न : डोक्यावर बसणारा परजीवी

मागील अंकात या सदरासाठी आम्ही संगणकीय खेळांतील परक्या जीवांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच प्राण्याभोवती फिरत होती. हा प्राणी म्हणजे 'हाफ-लाइफ' या नेमबाजीच्या खेळातील हेडक्रॅब. म्हणून या वेळचे सदर बहुतांशी त्यालाच दिले आहे.

प्रश्न : मी नुकताच 'हाफ-लाइफ २' खेळून पूर्ण केला. हेडक्रॅबला नेमके काय म्हणावे, परजीवी की शिकारी? मराठीत त्याला बांडगूळ म्हटले तर चालेल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने तयार केलेला 'हाफ-लाइफ' नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रकाशित झाला. त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन हा सैनिक नसून भौतिकशास्त्रज्ञ आहे. न्यू मेक्सिकोतील ब्लॅक मेसा या काल्पनिक संशोधन केंद्रात एक प्रयोग बिघडतो, झेन नावाच्या परक्या जगाची वाट उघडते आणि तिकडचे जीव केंद्राच्या बोळांतून फिरू लागतात. त्यांत अगदी सुरुवातीलाच समोर येतो तो हेडक्रॅब. पिसे काढलेल्या कोंबडीसारखे फिकट, मांसल अंग, चार पाय आणि पोटाखाली चोचीसारखे तोंड असा हा प्राणी एरवी दुडुदुडु चालतो; मात्र माणूस टप्प्यात आला की किंचाळत थेट डोक्याकडे झेप घेतो. झेप साधली तर तो कवटीवर घट्ट बसतो आणि खालचे शरीर त्याच्या ताब्यात जाते. खेळात अशा शरीराला झोंबी म्हणतात.

आता बांडगुळाचे. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याची फळे खाणारा फुलटोच्या पक्षी चिकट बी फांदीला पुसतो, बी रुजते, मुळांसारखे अवयव फांदीच्या आत शिरतात आणि झाडाचे पाणी व क्षार ओढू लागतात. पण बांडगुळाची स्वतःची पाने हिरवी असतात, म्हणजे आपले अन्न ते काही प्रमाणात स्वतः तयार करते. त्या दृष्टीने ते अर्धेच परजीवी आहे. अमरवेल त्याच्या पुढे जाते. तिला नावाजोगी पाने नसतात, रुजल्यावर जमिनीतले मूळही सुटते आणि ती सर्वस्वी दुसऱ्या झाडावर जगते. तरीही या दोघांपैकी कोणीही झाडाला आपल्या मर्जीने वाकवत नाही. यजमानाचे, म्हणजे ज्या जीवावर जगायचे त्याचे, अन्न खाणे वेगळे आणि यजमानाला चालवणे वेगळे, आणि हेडक्रॅब दुसरे काम करतो. त्यामुळे बांडगूळ हा शब्द त्याला अपुरा पडतो.

आपल्याच देशात आढळणारा एक कीटक त्याला पुष्कळ जवळचा आहे. हिरव्या-निळ्या रंगाने चकाकणारी, झुरळाची शिकार करणारी एक गांधीलमाशी आहे. तिचे शास्त्रीय नाव ॲम्प्युलेक्स कॉम्प्रेसा. ती झुरळाला दोनदा डंख करते. पहिला डंख छातीत बसतो आणि त्याने पुढचे पाय काही मिनिटे लुळे पडतात. त्या अवधीत ती दुसरा डंख नेमका डोक्यातील चेतापुंजात करते. त्यानंतर झुरळ मरत नाही की लुळेही राहत नाही. त्याला चालता येते, पण आपण होऊन चालायला लागण्याची इच्छाच उरत नाही. मग गांधीलमाशी त्याची मिशी धरून, गुरे दावणीला न्यावीत तसे, त्याला बिळात नेते, त्याच्या पायावर अंडे घालते आणि बिळाचे तोंड बुजवते. अंड्यातून निघालेली अळी त्या जिवंत झुरळावर वाढते आणि अखेर ते त्यात मरते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की झेप घेईपर्यंत हेडक्रॅब शिकारी असतो आणि डोक्यावर बसल्यानंतर परजीवी होतो, तोही यजमानाची हालचाल ताब्यात घेणाऱ्या मोजक्या परजीवींच्या जातीचा. 'परजीवी' हाच शब्द वापरावा.

प्रश्न : नातवाने मला हा प्राणी दाखवला. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले आहे आणि मला हे पटत नाही. परजीवी आणि यजमान यांची जोडी लक्षावधी वर्षांच्या सहवासातून जुळते. दुसऱ्या जगातून आलेल्या जीवाला पहिल्याच दिवशी माणसाची मज्जासंस्था कशी वापरता येईल? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, आपला आक्षेप मुळात बरोबर आहे आणि तो इतक्या नेमकेपणाने मांडल्याबद्दल आभार.

परजीवीचे सगळे कसब यजमानाच्या बारीकसारीक सवयी ओळखण्यात असते. आपल्या पिढीने पाहिलेला नारू आठवून पाहावा. नारूच्या सूक्ष्म अळ्या पाण्यातील सायक्लॉप्स या कवचधारी जीवाच्या पोटात असत. असे पाणी माणसाने प्यायले की साधारण वर्षभराने सुमारे मीटरभर लांबीची मादी पायाच्या कातडीखाली येई आणि तिथे जळजळणारा फोड उठे. आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवी आणि त्याच क्षणी कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडी. म्हणजे माणसाला पाण्याकडे न्यायला नारूला मेंदू ताब्यात घ्यावा लागत नव्हता. पोळलेला पाय माणूस गार पाण्यात घालतो एवढे एक त्याला पुरेसे होते. अशी अचूक जुळणी एका दिवसात होत नाही, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. काही परजीवी मात्र पुष्कळ यजमानांत शिरू शकतात. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय जीव जवळजवळ सर्व उष्ण रक्ताच्या प्राण्यांत राहू शकतो, पण त्याचे लैंगिक प्रजनन होते ते केवळ मार्जारकुळातील प्राण्यांच्या आतड्यात. आणि त्याची बाधा झालेल्या उंदरांची मांजराच्या वासाची भीती कमी होते. तरीही हे सारे जीव एकाच पृथ्वीचे आहेत. झेनच्या प्राण्याला हा आधार नाही.

असे असले तरी हेडक्रॅबच्या बाजूने एक मुद्दा मांडावासा वाटतो. सूक्ष्म जुळणी लागते ती यजमानाच्या मनात बदल घडवायला. स्नायू नुसते ओढायचे असतील तर तेवढी जुळणी लागेलच असे नाही. गॅल्व्हानीने १७९१ साली प्रसिद्ध केलेले बेडकाच्या पायांवरील प्रयोग आपण वर्गात सांगितलेच असतील. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा विजेचा तो धक्का कोणाकडून आला हे त्याला कळत नाही. गॅल्व्हानीचा भाचा आल्दिनी याने १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या मृतदेहावर विद्युतप्रवाह सोडून दाखवला, तेव्हा मृताचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. चेतातंतूंना योग्य जागी टोचणी देऊ शकणारा परका प्राणी असेल, तर आपल्या शरीराचे रसायनशास्त्र त्याला ठाऊक नसले तरी तो आपले पाय पुढे टाकायला लावू शकेल, अशी कल्पना करणे अगदीच निराधार नाही. झोंबीची चाल पाहिली तर ती अशीच आहे. ती अडखळती आहे, हात लोंबकळतात आणि प्रत्येक पावलागणिक तोल जातो. या शरीरात बसलेल्या प्राण्याला ते अजून नीट चालवता येत नाही, असे ती चाल सांगते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट निसर्गातच सापडली आहे. मुंग्यांना लागणाऱ्या ऑफिओकॉर्डिसेप्स या बुरशीविषयी आपण जाणताच. बाधा झालेली मुंगी आपली वाट सोडते, जमिनीपासून सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीवरच्या पानाची शीर जबड्यात पकडते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ बाहेर येतो. बुरशी मेंदूत शिरून मुंगीला वेडी करत असावी, असे पुष्कळ काळ मानले जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की बुरशीच्या पेशींनी मुंगीच्या सर्व शरीरात स्नायूतंतूंभोवती जाळे विणले होते, पण मेंदूच्या आत त्या शिरलेल्या नव्हत्या. रसायनांच्या वाटेने मेंदूवर परिणाम होत असू शकतो; तरी मेंदू जागेवर शाबूत असतो आणि शरीर मात्र दुसऱ्याचे झालेले असते. हेडक्रॅबच्या झोंबीविषयी खेळात जी भीषण सूचना दिली आहे ती हीच आहे. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

आपला आक्षेप मला जिथे निरुत्तर करतो ती जागा निराळी आहे. पहिल्या खेळात अपघातानंतर थोड्याच वेळात दिसणाऱ्या झोंबींची बोटे लांबून नख्या झालेल्या असतात आणि छातीचा पिंजरा उघडून तिथे दुसरे तोंड तयार झालेले असते. हाड आणि मांस नव्याने घडवायला अन्न लागते, वेळ लागतो, पेशींची वाढ लागते. ती वाढ तासा-दोन तासांत होणे कोणत्याही परजीवीला साधणार नाही. निर्मात्यांनी येथे जीवशास्त्र बाजूला ठेवून दृश्य परिणाम निवडला आहे. नातवाला ही चूक जरूर दाखवा. ती त्याच्या लक्षात आली तर त्याचा खेळ बिघडणार नाही, उलट तो अधिक बारकाईने पाहू लागेल.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. तो मोठ्या चुलतभावाबरोबर हा खेळ खेळतो. त्यातील ती माणसे किंचाळतात तेव्हा मला स्वयंपाकघरात ऐकवत नाही. ती माणसे जिवंत असतात का? आणि हा खेळ त्याच्या वयाला योग्य आहे का? (एक आई, ठाणे)

ताई, आपल्या कानांनी बरोबर तेच पकडले आहे जे पकडायला हवे होते. 'हाफ-लाइफ २' मध्ये झोंबीला आग लागते तेव्हा तो जे ओरडतो ते निव्वळ गुरगुरणे नाही. तो आवाज उलटा वाजवला की देवाचा धावा करत मदत मागणारे इंग्रजी शब्द ऐकू येतात. म्हणजे निर्मात्यांनी मुद्दाम असे सुचवले आहे, की डोक्यावर तो प्राणी बसलेला असताना खालचा माणूस पूर्णपणे गेलेला नाही. निदान यातना होण्याइतका तरी तो शिल्लक आहे. झोंबी पडल्यावर कधी कधी हेडक्रॅब सुटून बाजूला पडतो आणि खाली दबलेला रक्ताळलेला चेहरा दिसतो. तो क्षण मोठ्यांनाही जड जातो.

या खेळाला अमेरिकेतील मानांकन मंडळाने 'एम' हा वर्ग दिला आहे. म्हणजे तो सतरा वर्षे आणि त्यापुढील वयासाठी आहे. माझे स्पष्ट मत असे आहे, की बारा वर्षांच्या मुलाने तो सध्या खेळू नये. मात्र खेळ हिसकावून घेऊन विषय मिटवण्यापेक्षा त्याला शेजारी बसवून विचारावे, की ती माणसे कोण आहेत असे तुला वाटते आणि त्यांचे काय झाले आहे. चुलतभावालाही त्या वेळी बोलवावे, कारण नकळत का होईना जबाबदारी त्याने घेतलेली आहे. त्याच कंपनीचा आणि त्याच कथाविश्वाशी जोडलेला 'पोर्टल २' हा २०११ सालचा खेळ दहा वर्षांपुढील मुलांसाठी मानांकित आहे. त्यात रक्तपात नाही, परजीवी नाहीत आणि डोके मात्र पुष्कळ चालवावे लागते. आपला मुलगा तो आनंदाने खेळेल असे वाटते.

प्रश्न : 'हाफ-लाइफ २' मधील रेव्हनहोम गावाच्या प्रकरणात काळे हेडक्रॅब मला हैराण करतात. एका चाव्यात हेल्थ (जीवनशक्तीचे गुण) एकवर येते. उपाय सांगा. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

काळा, म्हणजे विषारी हेडक्रॅब एकटा असेल तर तो आपल्याला कधीच मारत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. त्याच्या विषाने हेल्थ एकवर येते खरी, पण अंगावरचा संरक्षक पोशाख लगेच उतारा टोचतो आणि हेल्थ हळूहळू परत चढते. धोका असतो तो त्या मधल्या काही सेकंदांत दुसऱ्या कोणाचा ओरखडा लागण्याचा. म्हणून चावा बसताच लढत न बसता मागे सरावे, भिंत पाठीशी घ्यावी आणि उतारा चढू द्यावा.

साध्या हेडक्रॅबची हेल्थ दहा असते आणि मध्यम काठिण्यपातळीवर पहारीच्या एका घावात तो संपतो. विषारी हेडक्रॅबची पस्तीस असते, त्यामुळे तिथे पहार घेऊन पुढे जाण्याचा मोह टाळावा. पाठीवर असे आणखी तीन हेडक्रॅब घेऊन फिरणारा सुजलेला झोंबी ते आपल्या अंगावर फेकतो. त्याच्यासाठी शॉटगनच्या गोळ्या राखून ठेवाव्यात. इतरांसाठी गोळ्या खर्चू नयेत. गावात शिरतानाच भिंतीत रुतलेले करवतीचे पाते आणि त्याने कापलेला झोंबी दिसतो, तो निर्मात्यांनी ठेवलेला धडा आहे. वस्तू ओढून फेकणाऱ्या ग्रॅव्हिटी गनने तशी पाती उचलून फेकावीत. पाते कमरेत बसले तर वरचे धड सरपटत येऊ शकते, हे विसरू नये. आणि कान उघडे ठेवावेत, कारण विषारी हेडक्रॅब दिसण्याआधी त्याचा खुळखुळ्यासारखा आवाज येतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. हे गाव पूर्वी खाणकामगारांचे होते, आणि पृथ्वी बळकावणाऱ्या कंबाईन सत्तेने हेडक्रॅब भरलेले तोफगोळे डागून ते उद्ध्वस्त केले. परजीवी हे इथे सत्तेच्या हातचे शस्त्र आहे. रस्त्यात रुतलेले ते पोकळ गोळे थांबून पाहावेत. त्या गावात काय घडले असेल ते त्यांवरून कोणत्याही संवादापेक्षा अधिक कळते.

प्रश्न : आमच्या गटात नेहमी वाद होतो. 'हेलो' या खेळातील फ्लड हा परजीवी भयंकर की 'हाफ-लाइफ'मधील हेडक्रॅब? (चार मित्र, कोल्हापूर)

'हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड' हा बंजी या कंपनीचा खेळ १५ नोव्हेंबर २००१ रोजी एक्सबॉक्स या खेळयंत्राबरोबरच बाजारात आला. त्याच्या दहा प्रकरणांपैकी पहिल्या पाच प्रकरणांत फ्लडचा मागमूसही नसतो. खेळाडू कव्हेनंट नावाच्या परग्रही सैन्याशी लढतो, ते शत्रू आडोसा घेतात, घाबरतात, पळतात आणि खेळाडूला त्या लढाईची सवय होते. सहाव्या प्रकरणात दलदलीतल्या एका इमारतीत शिरल्यावर एका मृत सैनिकाच्या शिरस्त्राणातील ध्वनिचित्रमुद्रण मिळते. त्यात सैनिक एक दार उघडताना दिसतात. मुद्रण संपते न संपते तोच आपल्याही भोवतीची दारे फुटतात आणि लहान, फुगीर, तंतू असलेले जीव लोंढ्याने आत येतात. पाच प्रकरणांत शिकलेले सर्व काही एका मिनिटात निरुपयोगी होते. अशी मांडणी मी फार थोड्या खेळांत पाहिली आहे.

खेळण्याच्या दृष्टीने फ्लड अधिक कठीण आहे, यात मला शंका नाही. त्याचे बाधक रूप, म्हणजे ते लहान फुगीर जीव, खेळाडूच्या ऊर्जा-ढालीवर आदळून फुटते आणि प्रत्येक वेळी ढाल थोडी खाते. त्याने ताब्यात घेतलेले सैनिक बंदुका चालवतात, लांब उड्या मारतात आणि पडलेले असताना पुन्हा उठतात. लांब पल्ल्याच्या रायफलची गोळी त्यांच्या सडलेल्या अंगातून आरपार जाते आणि फारसे काही होत नाही. त्यांना शॉटगन लागते, आणि ती खेळाडूला प्रथम याच प्रकरणात मिळते. शिवाय फ्लड यजमानाचे ज्ञानही घेतो. नायकाच्या अवकाशयानाचे कॅप्टन कीज शेवटी ज्या अवस्थेत सापडतात ते पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या भागात, म्हणजे २००४ साली, या सर्व ज्ञानाचे एकत्रित मन ग्रेव्हमाइंड म्हणून बोलू लागते.

पण भयंकर कोण, असे विचाराल तर माझे मत हेडक्रॅबच्या बाजूने पडते. फ्लडने घेतलेला माणूस फ्लडचा होतो, त्याचा आवाज एका मोठ्या आवाजात मिसळून जातो आणि खेळाडू त्याला निःशंकपणे शत्रू मानू शकतो. हेडक्रॅबखालचा माणूस शेवटपर्यंत एकटा एक माणूस राहतो. पहिल्या खेळात त्याच्या अंगावर शास्त्रज्ञाचा पांढरा कोट असतो, दुसऱ्यात सामान्य नागरिकाचे कपडे असतात. २००६ सालच्या 'हाफ-लाइफ २ : एपिसोड वन'मध्ये कंबाईन सैनिकाचा झोंबी येतो, तो बिनतारी संदेशातील तुटके शब्द पुटपुटत हातबॉम्ब काढतो आणि आपल्याकडे धावतो. कपडे, सवयी, तोंडातले शब्द असे माणसाचे काहीतरी प्रत्येक वेळी उरलेले असते. त्यामुळे त्याला मारताना भीती वाटते आणि त्याच वेळी त्याची कीवही येते. फ्लडच्या बाबतीत मला कीव केवळ कीज यांची आली.

'हेलो'च्या कथेतील एक बाब मात्र मला कायम अस्वस्थ करते. फ्लडला थांबवण्यासाठी फोररनर या प्राचीन जमातीने जी प्रचंड कडी बांधली, ती फ्लडला मारत नाहीत. प्रत्येक कडे पंचवीस हजार प्रकाशवर्षांच्या टापूतील सर्व विचारक्षम जीव नष्ट करते, म्हणजे परजीवीला खायला यजमानच उरू नये. वरच्या उत्तरात नारूचा उल्लेख आला आहे. त्यावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्या देशात निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन पाणी फडक्यातून गाळायला शिकवले, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप आणि कठड्याच्या विहिरी आणल्या, आणि पायाला फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू दिले नाही. १९९६ च्या जुलैत शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. यजमानाला हात न लावता परजीवीची साखळी तोडता येते, हे आपण करून दाखवले आहे. पुढच्या वेळी वाद घालाल तेव्हा फोररनर हे इतके ज्ञानी होते तर त्यांना ही वाट का सुचली नाही, यावरही जरूर बोला.

प्रश्न : आम्ही तिघे जण मराठीत एक छोटा खेळ तयार करत आहोत. मराठवाड्यातील ओसाड गाव, आणि तिथे माणसांना लागलेला परका परजीवी, अशी कल्पना आहे. हेडक्रॅबची नक्कल न करता त्याच्यापासून काय घ्यावे? (संगणक अभियंता, पुणे)

आपले पत्र वाचून मनापासून आनंद झाला. सर्वप्रथम घेण्यासारखी गोष्ट म्हणजे नियमांची शिस्त. हेडक्रॅब काय करू शकतो आणि काय नाही हे खेळाडूला पहिल्या दहा मिनिटांत कळते. तो डोक्याकडेच झेपावतो, झेपेपूर्वी आवाज करतो आणि पाण्यात बुडून मरतो. हे नियम पुढे सहसा मोडले जात नाहीत. नवीन जाती येतात त्या याच नियमांच्या एखाद्या टोकाला ताणून येतात. वेगवान जात झेप लांबवते, विषारी जात तिचा परिणाम बदलते, आणि २०२० साली आलेल्या 'हाफ-लाइफ : ॲलिक्स' मधील चिलखती जात पाठ टणक करून घेते, म्हणून तिच्या मऊ पोटावर नेम धरावा लागतो. त्याच खेळात मृतदेहात शिरून त्याला विजेने उठवणारी एक जात आहे. आल्दिनीचा प्रयोग आठवावा असेच ते दृश्य आहे.

दुसरे, आवाजाकडे पुरेसे लक्ष द्यावे. 'ॲलिक्स' मध्ये जेफ नावाचे एक पात्र आहे. ते हेडक्रॅबने नव्हे तर झेनच्या बुरशीने बाधित झालेले आहे. त्याला दिसत नाही, पण बारीकशीही चाहूल ऐकू येते. त्याच्या अंगातून सुटणाऱ्या बीजाणूंनी खेळाडूला खोकला येतो, आणि हा खेळ आभासी वास्तवाचा (व्हीआर) असल्याने तो दाबण्यासाठी खेळाडूला खरोखर आपला हात तोंडावर धरावा लागतो. त्या संपूर्ण प्रकरणात जेफवर झाडलेली गोळी व्यर्थ जाते. एका साध्या शरीरधर्मावर, खोकल्यावर, सगळे प्रकरण उभे आहे. आपला निधी मर्यादित असेल तर चित्रांपेक्षा ध्वनीवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

विषयासाठी मात्र आपल्या मातीतच शोध घ्यावा. समुद्रात सॅक्युलिना नावाचा बार्नॅकलच्या (खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्याच्या) कुळातील परजीवी आहे. तो खेकड्याच्या अंगभर मुळे पसरवतो, त्याचे प्रजनन थांबवतो आणि पोटाखाली अंड्यांच्या जागी आपली पिशवी ठेवतो. खेकडा ती पिशवी स्वतःची अंडी समजून जपतो. खेकडा नर असला तरी त्याचे पोट मादीसारखे रुंद होते आणि तोही तिची निगा राखतो. खेकड्याच्या नावाचा प्राणी माणसाच्या डोक्यावर बसवणाऱ्या निर्मात्यांनी याच खेळात छताला लटकून भक्ष्य वर ओढणारा बार्नॅकलही ठेवला आहे, ही जोडी मला नेहमी लक्षणीय वाटत आली आहे. आपल्या गावात समुद्र नाही, पण यजमान परजीवीची माया करतो, ही कल्पना तिथेही रुजेल.

त्याहूनही मला आपल्या गावासाठी पायविहीर सुचवावीशी वाटते. खेळाडूला पिण्याचे पाणी तेवढे एकाच ठिकाणी मिळू द्या आणि ते गाळायला त्याच्याजवळ एकच फडके असू द्या. बाधित माणसे त्याच्यावर धावून येणार नाहीत; त्यांना त्याच्याशी काही देणेघेणे नसेल. त्यांचे पाय पोळत असतील आणि ती रात्री एकेक करून पायऱ्या उतरत पाण्याकडे जात असतील. त्यांतला एखादा वाटेत थांबून खेळाडूला ओळखेल, नावाने हाक मारेल, बाजूला हो म्हणून विनवेल, आणि तेव्हा खेळाडूच्या हातात बंदूक असेल व पाठीमागे पाणी असेल.